काळ्या कातळाखालीं किती खोल पाहावें?

पिंपरी, चिंचवड, भोसरी आणि त्यापलीकडे चाकणपर्यंतचा पट्टा म्हणजे आज लोखंड, पोलाद, तांबें व ॲल्युमिनियम यांचें एक मोठें गिऱ्हाईक आहे. येथल्या कारखान्यांतून मोटारी, दुचाक्या, यंत्रांचे सुटे भाग बाहेर पडतात. परंतु त्यांना लागणाऱ्या धातूंपैकीं शेरभर धातूही या पट्ट्याच्या स्वतःच्या जमिनींतून निघत नाहीं. पोलादांत घालावयाचें मँगनीज नागपूर, भंडारा व बालाघाट या जिल्ह्यांत निघतें. तांबें बालाघाट जिल्ह्यांतील मलाजखंड किंवा राजस्थानांतील खेत्री येथें खणतात, आणि तेवढ्यानें भागत नाहीं म्हणून परदेशांतून आणतात. पायाखालीं आहे तो काळा कातळ, आणि तो फोडून खडी करण्यापलीकडे त्याचा फारसा विचार कोणी केलेला दिसत नाहीं.

शाळेंत भूगोल शिकवितांना पुणें जिल्ह्यांतील खनिजें या मथळ्याखालीं सांगण्यासारखें फार थोडें असे. बांधकामाचा दगड, मुरूम, नदीची वाळू, कोठें चुनखडी, कीं धडा संपला. मुलें तें पाठ करीत. एखादा चौकस मुलगा मात्र विचारी, "गुरुजी, खालीं कांहीं नाहींच, कीं कोणी पाहिलेंच नाहीं?" या दोन गोष्टींत जमीनअस्मानाचें अंतर आहे, आणि आजच्या भाषणाचा विषय तेवढ्या अंतराचाच आहे.

श्रोतेहो, प्रथम हा कातळ काय आहे तें पाहूं. सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वीं येथें जमिनीला भेगा पडून तप्त शिलारस बाहेर आला आणि पसरत गेला. एक थर थंड व्हावा, त्यावर दुसरा यावा, मग तिसरा. भाकऱ्यांची चवड रचावी तसे हे थर एकावर एक बसले. आज हा कातळ सुमारे ५ लक्ष चौरस किलोमीटर प्रदेशावर पसरलेला असून महाराष्ट्राचा सुमारे चारपंचमांश भाग त्यानें झांकलेला आहे. सह्याद्रीच्या बाजूस ही चवड उंच आहे. पूर्वेकडे जावें तशी ती पातळ होत जाते. नागपुरांत सीताबर्डीची टेकडी याच काळ्या दगडाची, आणि शहराच्या पूर्वेस लगेच त्याहून कितीतरी जुने खडक उघडे पडलेले. म्हणजे झांकण तेथें संपतें. विदर्भांत खाणी आहेत आणि पुणें जिल्ह्यांत नाहींत, याचें एक मोठें कारण एवढेंच कीं तेथें झांकण नाहीं.

हा कातळ स्वतः अगदींच रिता आहे असें नाहीं. शिलारस थंड होतांना त्यांत वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या आणि पुढें पाणी झिरपून त्या पोकळ्यांत स्फटिक वाढले. पुण्याजवळ वाघोलीच्या दगडखाणींत कॅव्हन्साइट नांवाचें निळेंभोर खनिज मिळतें. कॅल्शियम, व्हॅनेडियम व सिलिका हे त्यांतील घटक असून त्यांचींच आद्याक्षरें जोडून तें नांव बनविलेलें आहे. जगांतील संग्रहालयें त्यासाठीं वाघोलीकडे पाहतात. पण संग्रहालयाच्या कपाटांत ठेवावयाचें खनिज वेगळें आणि भट्टींत घालावयाचें वेगळें. सैबेरियांत अशाच शिलारसाच्या अफाट पसाऱ्याशीं निगडित असलेल्या खडकांत, नोरिल्स्क येथें, निकेल व तांबें यांचे जगप्रसिद्ध साठे आहेत. म्हणून अशा प्रदेशांत धातु असूंच शकत नाहीं असें म्हणतां येत नाहीं. दख्खनच्या कातळांत मात्र तसा साठा अद्याप सांपडलेला नाहीं.

मग उरतो तो कातळाखालचा प्रदेश. त्याविषयीं अंदाज पुष्कळ झाले, पण प्रत्यक्ष पाहण्याचे प्रयत्न हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्यांतला एक जुना प्रयत्न भुसावळचा आहे आणि तो मला फार उद्बोधक वाटतो. तेथें दगडी कोळसा मिळतो कीं काय हें पाहण्यासाठीं एक खोल छिद्र पाडण्यांत आलें. भारतीय भूस्तर-सर्वेक्षण खात्यांतील फर्मोर यांनीं त्यांतून निघालेल्या खडकांचा अभ्यास करून १९२५ सालीं तो प्रसिद्ध केला. मँगनीजवरील त्यांचा १९०९ सालचा प्रचंड ग्रंथ प्रसिद्धच आहे. छिद्र १२१७ फूट खोल गेलें. मीटरांत सांगायचें तर सुमारे ३७१. त्या खोलींत फर्मोर यांना शिलारसाचे २९ थर मोजतां आले, म्हणजे सरासरी एक थर चाळीसबेचाळीस फुटांचा. आणि कोळसा? कोळशापर्यंत पोहोंचण्याचा प्रश्नच आला नाहीं, कारण १२१७ फुटांवरही कातळाचा तळ लागला नव्हता.

आतां भुसावळचा निकाल काय लिहावा? "कोळसा नाहीं" असें लिहिलें तर तें खोटें होईल. "आहे" असें लिहिलें तर तेंही खोटें. खरें उत्तर एवढेंच कीं आपण चवडींतल्या २९ भाकऱ्या उचलल्या, आणि खालची परडी दिसली नाहीं. तरीही लोकांच्या बोलण्यांत असें छिद्र फुकट गेलें म्हणून जमा होतें. शास्त्राच्या दृष्टीनें तें फुकट गेलेलें नाहीं. कातळाचे थर कसे रचले गेले याचें पद्धतशीर वाचन त्या छिद्रामुळें झालें. परंतु ज्यानें कोळशासाठीं पैसा घातला त्याला हें समाधान पुरेसें वाटेल असें नाहीं.

पुढची दोन उत्तरें खनिजांच्या शोधांतून आलीं नाहींत, तीं भूकंपांनीं आणलीं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर जिल्ह्यांत किल्लारीला भूकंप होऊन हजारों माणसें दगावलीं. त्यानंतर तेथें ६१७ मीटर खोल छिद्र घेण्यांत आलें. कातळ ३३८ मीटरांवर संपला; त्याखालीं अवघा ८ मीटर जाडीचा गाळाचा थर; आणि मग प्राचीन ग्रॅनाइट जातीचा खडक. कोयनेला डिसेंबर १९६७ मध्यें मोठा भूकंप झाला, आणि तेव्हांपासून त्या भागांत धक्के चालूच राहिले. त्यांचें मूळ शोधण्यासाठीं अलीकडे तेथें अनेक छिद्रें घेतलीं गेलीं. रासाटीजवळच्या छिद्रांत कातळ सुमारे ९३० मीटर भरला. गोठणें येथील छिद्र तीन किलोमीटर खोल नेलें, तेथें तो सुमारे १२५० मीटरांवर संपला. दोन्हीं ठिकाणीं कातळ थेट ग्रॅनाइटी खडकावर बसलेला आढळला, मध्यें गाळाचा थर नाहीं. या छिद्रांचें काम पाहणारी केंद्र सरकारची प्रयोगशाळा कऱ्हाड येथें आहे.

या तीन गांवांचे आंकडे शेजारीं शेजारीं ठेवून पाहा. किल्लारींत ३३८ मीटर, रासाटीस ९३०, गोठणें येथें १२५०. भुसावळचें छिद्र ३७१ मीटरांवर थांबलें; तेवढी खोली किल्लारीस कातळापलीकडे नेण्यास पुरली असती, कोयनेस अर्ध्यावरही नेऊं शकली नसती. म्हणून "किती खोल पाहावें?" या प्रश्नाला सबंध महाराष्ट्रासाठीं एकच आंकडा देणारा मनुष्य प्रश्नच समजलेला नाहीं असें मी म्हणेन.

हा आंकडा ठरविण्याचा मोह मात्र सर्वत्र दिसतो. आपल्या देशांतील कोळशाचा जमाखर्च भूस्तर-सर्वेक्षण संस्था दरवर्षीं मांडते. त्यांत खोलीचे रकाने असतात: ० ते ३०० मीटर, ३०० ते ६०० मीटर, ६०० ते १२०० मीटर. नोंदलेल्या कोळशापैकीं निम्म्याहून अधिक पहिल्या रकान्यांत आहे. वाचणाऱ्यास वाटतें कीं निसर्गानेंच कोळसा वरच्या ३०० मीटरांत अधिक भरून ठेविला आहे. कांहीं अंशीं तें खरेंही असेल. पण पहिल्या रकान्यांत छिद्रें अधिक पडलीं, शेवटच्या रकान्यांत फार थोडीं पडलीं, हेंही त्याचें एक उघड कारण आहे. दिवा जेथें आहे तेथेंच हरवलेली अंगठी शोधणाऱ्याची गोष्ट आपण मुलांना सांगतों, आणि मोठेपणीं तेंच करितों.

मँगनीजची हकीकत अशीच आहे. विसाव्या शतकाच्या आरंभीं नागपूर–भंडाऱ्याकडे मँगनीजचे काळे दगड टेकड्यांवर उघडे पडलेले होते. शोध करण्याचें कामच नव्हतें; उचलायचें आणि आगगाडींत भरायचें. पुढें खड्डे खोल झाले, मग बोगदे व विहिरी घेऊन जमिनीखालीं जावें लागलें. १९६२ सालीं सरकारी भागीदारीची मँगनीज ओर कंपनी स्थापन झाली, आणि तिच्या बालाघाटच्या खाणींत आज जमिनीखालीं ३०० मीटरांहून अधिक खोलीवर काम चालतें. मलाजखंडला तांब्याची उघडी खाण १९८२ सालीं सुरू झाली. मोठा खड्डा होत होत आतां तेथेंही जमिनीखालून काढण्याकडे वळावें लागलें आहे, कारण तांबें खड्ड्याच्या तळाशीं संपत नाहीं. खाणीच्या कागदांत जो साठा लिहिलेला असतो तो कणगींतल्या धान्यासारखा मोजून ठेविलेला नसतो. जेथवर छिद्र गेलें तेथवरची ती मोजदाद असते. पुष्कळदां साठ्याचा तळ म्हणून जी रेघ ओढलेली असते ती खडकाची नसून पैशाची असते.

तर मग सरळ खोल खणावें, असें कोणी म्हणेल. येथें थोडा हिशेब मांडला पाहिजे. पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेचें क्षेत्र सुमारे १८१ चौरस किलोमीटर आहे. समजा, २००० मीटर छिद्र पाडण्यापुरता पैसा आपल्याजवळ आहे. २०० मीटरांचीं छिद्रें घेतलीं तर दहा होतील, म्हणजे दर अठरा चौरस किलोमीटरांस एक. १००० मीटरांचीं घेतलीं तर दोनच, म्हणजे निगडीकडे एक आणि दिघीकडे एक घेऊन हात जोडून बसावें लागेल. शिवाय खोल गेल्यावर दर मीटरचा खर्च वाढतो. हिरकणीचें पातें झिजलें कीं सबंध नळ्यांची माळ वर ओढून पुन्हां खालीं सोडावी लागते आणि छिद्र वांकडें जाण्याचीही भीति असते. तेव्हां दोन म्हटलीं तरी प्रत्यक्षांत दीडच व्हायचीं. आणि त्यांतून वर येतो काय, तर मनगटाएवढ्या जाडीचा दगडाचा दांडा. त्यावरून नव्वद चौरस किलोमीटरांचा निकाल द्यायचा!

म्हणून छिद्र पाडण्यापूर्वीं कोठें पाडावें हें वरून कळावें यासाठीं नाना यंत्रें निघालीं आहेत. जड खनिजाचा साठा खालीं असेल तर तेथें गुरुत्वाकर्षण किंचित् वाढतें. लोहचुंबकी खडक असेल तर होकायंत्राच्या जातीचीं सूक्ष्म उपकरणें त्याची चाहूल घेतात. पण खोली येथेंही आपला कर घेतेच. लहानसा गोळाबंद साठा दुप्पट खोल असेल तर त्याची गुरुत्वाची खूण चौथाई होते. चुंबकाची तर आठव्या हिश्श्यावर येते. आणि खूण क्षीण होण्याबरोबर ती पसरटही होते, त्यामुळें बोट ठेवायचें कोठें तेंच समजत नाहीं. त्यांतून आपला काळा कातळ स्वतः चुंबकी. त्याचे थर जेव्हां थिजले त्या दीर्घ काळांत पृथ्वीच्या चुंबकाच्या उत्तर–दक्षिण दिशा उलटलेल्या होत्या, पुन्हां सुलट झाल्या. म्हणून कांहीं थर एका दिशेनें चुंबकित तर कांहीं विरुद्ध दिशेनें. गोंगाटाच्या वर्गांत शेवटच्या बांकावरच्या मुलाचें कुजबुजणें ऐकावें तसें हें काम आहे. तीस वर्षें वर्गांत घालविलेला मनुष्य ही उपमा अनुभवावरून देतो.

जमिनींतील विजेचा प्रवाह मोजून खोल पाहण्याची आणखी एक पद्धत आहे. तींत जितकें खोल पाहावयाचें तितकें खुंट्यांचें अंतर वाढवावें लागतें, नाहीं तर निसर्गतः जमिनींत वाहणाऱ्या मंद प्रवाहांची दीर्घकाळ नोंद घ्यावी लागते. विजेच्या तारा, कारखान्यांचीं यंत्रें आणि विजेची आगगाडी जेथें अहोरात्र चालते त्या पिंपरी–चिंचवडच्या भूमींत अशा मंद प्रवाहाचा ठाव लागणें जवळजवळ अशक्य होय. उद्योगनगरी ज्या धातूंवर जगते त्यांचा तिच्या स्वतःच्या जमिनींत शोध घेणें तिच्या उद्योगामुळेंच अवघड झालें आहे!

एवढें सगळें असूनही झांकणाखालीं पाहण्याचें धाडस करणारे यशस्वी झालेले आहेत. दक्षिण ऑस्ट्रेलियांत ऑलिंपिक डॅम म्हणून जागा आहे. वर ओसाड माळ, खनिजाची खूण नाहीं. भूस्तरवेत्त्यांनीं गुरुत्वाच्या व चुंबकाच्या खुणा एकत्र पाहून अनुमान केलें, आणि १९७५ सालीं छिद्र घेतलें. ३०० मीटरांहून अधिक वांझ खडक ओलांडल्यावर तांबें लागलें. पहिल्या छिद्रानें आशा दाखविली, मधल्या कांहीं छिद्रांनीं ती मावळविली, आणि दहाव्यानें निर्णय दिला. आज ती जगांतील तांब्याच्या व युरेनियमच्या मोठ्या खाणींपैकीं एक आहे. हीं माणसें ३०० मीटरांवर थांबण्याचा नियम पाळणारीं असतीं तर त्या जागेची नोंद "कांहीं नाहीं" अशीच राहिली असती. अमेरिकेंत ॲरिझोना येथें एका जुन्या खाणीच्या शेजारीं, दीड किलोमीटरांहून अधिक खोल, तांब्याचा असाच प्रचंड साठा १९९५ च्या सुमारास आढळला.

पण दुसरी बाजूही आपल्या शेजारींच आहे. कर्नाटकांतील कोलारच्या सोन्याच्या खाणी तीन किलोमीटरांहून खोल गेल्या होत्या. तेथें खडक अंगाला चटका बसेल इतका ऊन. वरून गार हवा सोडावी लागे. दाबानें खडक अकस्मात् फुटून माणसें मरत. आणि शेवटीं सोनें काढण्याचा खर्च सोन्याच्या किंमतीहून वाढला म्हणून २००१ सालीं त्या बंद झाल्या. तेव्हां खोल पाहणें आणि खोलांतून काढणें हे दोन वेगळे हिशेब आहेत. सोन्यासाठीं माणूस तीन किलोमीटर उतरेल, मँगनीजसाठीं उतरणार नाहीं. जें परवडेल त्याच्या थोडें पलीकडे पाहावें, कारण आज न परवडणारें वीस वर्षांनीं परवडूं लागतें. पण दसपट पलीकडे पाहणें हा शास्त्राचा विषय झाला, खाणवाल्याचा नव्हे.

२०२३ सालीं केंद्र सरकारनें खाणींच्या कायद्यांत दुरुस्ती करून २९ महत्त्वाच्या व खोलवरच्या खनिजांसाठीं शोधाचा एक नवा परवाना काढला. शोध खाजगी मंडळीनें करावा, खनिज सांपडून त्या जागेचा लिलाव झाला तर पुढें खाणवाला सरकारास जी जादा रक्कम देईल तींतला वांटा शोधणाऱ्यास मिळावा, अशी ती योजना आहे. कल्पना वाईट नाहीं. माझी शंका एवढीच कीं असा शोधक रित्या छिद्राची जोखीम कितपत घेईल? तो साहजिकच जेथें खूण दिसते तेथें जाईल. झांकणाखालचें पहिलें पाऊल सरकारी संस्थांनाच टाकावें लागेल, आणि माझ्या मतें तें कोयनेसारख्या जाड भागांत न टाकतां कातळाच्या पातळ कडेशीं टाकावें. नागपूर, यवतमाळ, चंद्रपूर या बाजूस कोळशाचे व धातूंचे ओळखीचे खडक आपल्या डोळ्यांदेखत कातळाखालीं शिरतात. कोळशासाठीं तेथें कातळ भेदून छिद्रें पाडण्याचा परिपाठही आहे. ओळखीच्या वाटेनें चार पावलें अंधारांत जाणें, आणि अमावास्येच्या रात्रीं अनोळखी रानांत उतरणें, यांत फरक आहे.

आपल्या पट्ट्यांतील घरांना हा विषय दूरचा वाटेल, परंतु प्रत्येक सोसायटी तो पाण्याच्या रूपानें दरवर्षीं सोडवीत असते. उन्हाळ्यांत बोअर आटली कीं सभा भरते, आणि "आणखी दोनशें फूट जाऊं द्या" असा ठराव होतो. कातळांत पाणी मुख्यतः वरच्या कुजलेल्या भागांत, भेगांत आणि दोन थरांच्या सांध्यांत असतें; खालीं जावें तशा भेगा मिटत जातात. म्हणून खोल म्हणजे अधिक पाणी हा समज बहुधा खोटा ठरतो. महाराष्ट्राच्या २००९ सालच्या भूजल कायद्यानें तर ६० मीटरांच्या पलीकडे गेलेल्या विहिरीस खोल विहीर मानलें आहे. पाण्याला ६० मीटर खोल, कोळशाला ३०० मीटर अजून पहिलाच रकाना, आणि भूकंप शोधणाऱ्याला तीन किलोमीटरही उथळच. जमीन तीच.

या बोअरींविषयीं एक सूचना करावीशी वाटते. चाकणपासून हिंजवडीपर्यंत इतकीं छिद्रें पडलीं आहेत कीं भुसावळच्या त्या एका छिद्रास हेवा वाटावा. प्रत्येकांतून राखाडी भुकटी, मध्येंच तांबड्या मातीचा पट्टा, मग पुन्हां काळी भुकटी बाहेर येते. तो तांबडा पट्टा बहुधा दोन थरांमधला सांधा असतो. किती फुटांवर कोणता रंग लागला हें बोअरवाल्याला ठाऊक असतें, पण तो बिल देतो आणि निघून जातो. भुकटी पावसानें वाहून जाते. सोसायटीच्या चिटणिसानें बिलाच्या मागच्या बाजूस पांच ओळी लिहून ठेविल्या आणि भूजल सर्वेक्षण खात्याकडे पाठविल्या, तर चवडीच्या वरच्या भाकऱ्यांचा नकाशा तरी फुकटांत तयार होईल.

भुसावळच्या छिद्राचें उत्तर मात्र अजून कोणी खणून दिलेलें नाहीं. पुढें भूकंपलहरींच्या मापनांवरून नर्मदा–तापीच्या पट्ट्यांत कांहीं ठिकाणीं कातळाखालीं गाळाच्या खडकांचे जाड थर असावेत असें अनुमान निघालें आहे. त्यांत कोळसा आहे कीं नाहीं, हें १२१७ फुटांच्या खालीं, तिसाव्या थराच्या पलीकडे आहे.